साखर आईची, भूक लेकराची

(ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही किंवा घरात कुणाला तरी वाचून दाखवायचं आहे, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातली भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मी पाथरीहून बोलतेय. कुणी भांडी घासता घासता ऐकत असेल, कुणी परभणीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकवून, कुणी रात्री लेकराला मांडीवर घेऊन आवाज बारीक करून.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. शब्द वेगवेगळे, पण प्रश्न एकच. "ताई, सहाव्या महिन्यात साखर निघाली. आता खायचं काय?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न, जो बहुतेकजणी बाळंतपणानंतर विचारतात. "ताई, लेकरू नीट खात नाही, काय करू?"

आपण हे दोन वेगळे प्रश्न समजतो. मला आज एवढंच सांगायचंय की ते एकाच धाग्याचे आहेत. पोटात असताना लेकराकडे किती साखर जाते हे आईच्या ताटावर बरंचसं ठरतं. आणि बाहेर आल्यावर पोट भरलं की नाही, हे लेकराला स्वतःला कळतं. पहिल्या वेळी आपण ताट सांभाळायचं, दुसऱ्या वेळी लेकराचं ऐकायचं. दोन्ही वेळा आड येतं ते एकच वाक्य: "अगं, अजून थोडं खा."

मला स्वतःला सातव्या महिन्यात साखर निघाली होती. म्हणून यातलं बरंच काही पुस्तकातलं आहे आणि थोडं आमच्या स्वयंपाकघरातलं.

आधी हे होतं तरी का, ते बघू. गरोदरपणात वार तयार होते. ही वार लेकराला अन्न पोचवते आणि त्याच वेळी काही हार्मोन्स सोडते. त्या हार्मोन्समुळे आईच्या शरीरात इन्शुलिनचं काम जरा अडतं. हे निसर्गाचंच नियोजन आहे, कारण त्यामुळे लेकरासाठी रक्तात साखर उपलब्ध राहते. बहुतेक बायकांचं शरीर जास्त इन्शुलिन तयार करून ही कसर भरून काढतं. काहींचं तेवढं पुरं पडत नाही. मग साखर वाढते. याला म्हणतात गरोदरपणातला मधुमेह.

म्हणजे "तू पेढे जास्त खाल्लेस म्हणून झालं" हे म्हणणं खरं नाही. घरात कुणाला मधुमेह असणं, वय, वजन, आधीच्या खेपेला साखर निघालेली असणं, या सगळ्याचा वाटा असतो. आणि आपण भारतीय असणं, हाही वाटाच आहे. त्यावर पुढे बोलते.

तपासणी सोपी आहे. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह आहे असं धरतात. यासाठी उपाशीपोटी यावं लागत नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी ही साधी पद्धत लावून धरली. कारण उघड आहे. खेड्यातून सकाळी निघालेली, दोन गाड्या बदलून आलेली पोटुशी बाई उपाशी कशी राहणार? केंद्र सरकारनं २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हीच तपासणी आहे. पहिल्यांदा नाव नोंदवायला जाल तेव्हा एकदा, आणि तेव्हा ठीक निघाली तरी चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत पुन्हा एकदा. ही दुसरी वेळ बऱ्याचजणी चुकवतात. "मागच्या वेळी नॉर्मल होती की!" होती, पण वार मोठी होत जाते तशी हार्मोन्सही वाढतात. म्हणून दुसरी तपासणी हवीच.

दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास तपासणी असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान म्हणतात त्याला, २०१६ पासून सुरू आहे. तुमच्या आशाताईंना विचारा, त्या सांगतील कुठं आणि किती वाजता.

आता मुख्य मुद्दा. आईची साखर वारेतून लेकराकडे जाते. आईचं इन्शुलिन मात्र जात नाही. हे एक वाक्य नीट लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यातून निघतं. आईची साखर वाढली की लेकराकडे जास्त साखर पोचते. मग लेकरू स्वतःचं इन्शुलिन जास्त तयार करतं. आणि इन्शुलिन म्हणजे साठवणुकीचा हार्मोन. ते साखरेची चरबी करून ठेवतं. डेन्मार्कच्या पेडरसन नावाच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात ही गोष्ट मांडली आणि ती आजही टिकून आहे.

म्हणून अशी लेकरं मोठी, गुबगुबीत जन्माला येऊ शकतात. बाळंतपण अडू शकतं, खांदा अडकू शकतो, सिझर लागू शकतं. आणि नाळ कापल्यावर आईकडून येणारी साखर एकदम बंद होते, पण लेकराचं इन्शुलिन मात्र जोरात चालू असतं. त्यामुळे पहिल्या काही तासांत लेकराची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. बाहेरून गुटगुटीत दिसणारं लेकरू आतून अशक्त असू शकतं.

इथं मला आमच्या सासूबाईंची गोष्ट सांगायचीय. त्यांची परवानगी घेऊनच सांगतेय. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

मला साखर निघाली तेव्हा आत्याबाईंनी डिंकाचे लाडू करून डबा भरून ठेवला होता. मी म्हटलं, "आत्याबाई, डॉक्टरांनी नाही सांगितलंय." तर त्या चिडल्या नाहीत. गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "पोटातलं लेकरू उपाशी राहील गं माय." मग दोन दिवसांनी, ज्वारी निवडताना, त्यांनी सांगितलं. त्यांचं पहिलं लेकरू जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी गेलं होतं. फार मोठं होतं म्हणे. आजूबाजूच्या बायका बघायला आल्या तर म्हणाल्या, केवढं बाळसेदार. आणि ते गेलं. तेव्हा कुणी साखर तपासली नव्हती, त्यामुळे कारण काय होतं हे आज कुणीच सांगू शकणार नाही. मीही सांगणार नाही. पण आत्याबाईंनी चाळीस वर्षं एकच समज मनात धरली होती, की आपणच कुठंतरी कमी खाल्लं असणार.

म्हणून सांगते, घरातली म्हातारी माणसं "खा खा" करतात तेव्हा त्यांना अडाणी म्हणू नका. त्या "खा" च्या मागं बहुतेक वेळा एखादी भीती असते. आधी ती ऐका, मग आकडा दाखवा. आमच्या घरी काम केलं ते साखर मोजायच्या छोट्या मशीननं. आत्याबाईंना इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. भाजी, वरण आणि अर्धी भाकर खाल्ली त्या दुपारी दोन तासांनी आकडा एकशे चौदा आला. आत्याबाई म्हणाल्या, "म्हणजे जेवलीस तरी चालतं!" हो, जेवलं तरी चालतं. जेवलंच पाहिजे. फक्त कसं, ते महत्त्वाचं.

कारण दुसरं टोकही तितकंच वाईट आहे. साखर निघाली की काहीजणी घाबरून भाकर बंद, भात बंद, रात्री नुसतं ताक, असं सुरू करतात. उपाशी राहिलं की शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन्स वाढतात, आणि ते लेकरासाठी चांगले नाहीत. ही वजन कमी करायची वेळ नाहीच. आपल्या भागात कितीतरी बायका मुळातच बारीक, रक्त कमी. त्यांनी उपाशी राहणं म्हणजे दुहेरी नुकसान.

आणि हे मी हवेत बोलत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आई-लेकरांचा अभ्यास सुरू केला. शेतात काम करणाऱ्या, बारीक अंगाच्या बायका. त्यांच्या लेकरांची तुलना इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या लेकरांशी केली. आपली लेकरं जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास, तिकडची ३.५ च्या आसपास. म्हणजे आपली लेकरं बरीच लहान. पण मोजल्यावर दिसलं की त्यांच्यात स्नायू कमी होते आणि चरबी त्या मानानं टिकून होती. वजन कमी, तरी चरबी जास्त. जगभर आता याला बारीक-लठ्ठ भारतीय बाळ अशा अर्थाच्या नावानं ओळखतात. पुढं मधुमेह होण्याची आपली जी तयारी असते, तिची सुरुवात इथं आहे असं हा अभ्यास सांगतो. त्याच खेड्यांत असंही दिसलं की ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची लेकरं वजनानं चांगली होती.

म्हणजे लेकराला नुसता जास्त घास पुरत नाही, त्या घासात काय आहे ते महत्त्वाचं. मग चला आपल्या ताटाकडे.

ताटाचे मनातल्या मनात चार भाग करा. दोन भाग भाजी: मेथी, शेपू, अंबाडी, चुका, दोडका, गवार, वांगं, काकडी, जे हंगामात असेल ते. एक भाग वरण, उसळ, पिठलं, अंडं, मासे किंवा चिकन. आणि उरलेला एक भाग भाकर, पोळी किंवा भात. तिन्ही एकत्र नको, एकावेळी एकच.

आपल्याकडे एक गैरसमज आहे की ज्वारीची भाकर कितीही खाल्ली तरी चालते. ज्वारी चांगलीच आहे, मैद्यापेक्षा आणि पांढऱ्या भातापेक्षा बरी. पण भाकरीतही पिष्टमय पदार्थ आहेतच, त्यांची साखर होते. आणि मराठवाड्याची भाकर म्हणजे काय, ताटभर! म्हणून अर्धी किंवा पाऊण घ्या आणि सोबत भाजी-वरण दुप्पट. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेसोबत 'परभणी शक्ती' नावाचं ज्वारीचं वाण आणलं, २०१८ मध्ये. त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. मिळालं तर जरूर खा, पण मोजताना तीही भाकरच.

जेवताना आधी भाजी आणि वरण-उसळ खा, भाकर-भात मागून. तेच अन्न, तेवढंच, पण या क्रमानं खाल्लं तर साखर हळू चढते. याला एक रुपयाही लागत नाही.

सकाळी साखर जरा जास्तच उड्या मारते, कारण त्या वेळी शरीरात इन्शुलिनला अडवणारे हार्मोन्स जोरात असतात. म्हणून सकाळी नुसते पोहे किंवा नुसता सुशीला नको. सुशीलाच करायचा असेल तर मुरमुरे कमी, त्यात मोड आलेले मूग, शेंगदाणे, कांदा भरपूर. किंवा मुगाचं धिरडं. किंवा दोन उकडलेली अंडी आणि अर्धा धपाटा.

दिवसात तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन छोटी खाणी. मूठभर फुटाणे, शेंगदाणे, ताक, एक पेरू. रात्री झोपताना बिनसाखरेचं कपभर दूध, म्हणजे रात्रभराचा उपास फार लांबत नाही.

आता टाळायचं काय. उसाचा रस, आपल्या भागात ऊस आहे म्हणून आग्रहही खूप होतो, पण नको. कोल्ड्रिंक नको. पॅकेटमधला फळांचा रस नको. गूळ आणि मध "नैसर्गिक" असले तरी रक्तात गेल्यावर साखरच. "शुगर फ्री" लिहिलेल्या बिस्किटात मैदा असतोच. चहा दिवसातून दोनदा, बिनसाखरेचा, आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे नको, कारण चहामुळे लोह अंगाला लागत नाही. कॅल्शियमची गोळीही लोहासोबत घेऊ नका, दोन्हींची वेळ वेगळी ठेवा.

उपास. एकादशी, गुरुवार, चतुर्थी. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, भगर आणि रताळंही त्याच वाटेनं. दिवसभर उपाशी आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, हा साखरेसाठी सगळ्यात वाईट दिवस. देवाला सांगा, लेकरू झाल्यावर करते. देव समजून घेतो, शेजारीण घेईल की नाही माहीत नाही!

आणि ओटीभरण, डोहाळजेवण. ते करू नका असं मी म्हणणार नाही. हौस आहे, ती व्हायलाच हवी. हिरवी साडी नेसा, फोटो काढा. ताटात पाच गोड पदार्थ वाढले तर एकाचा एक घास घ्या. आमच्याकडे आत्याबाईंनी ओटीत गोडाऐवजी बदाम, खारे शेंगदाणे आणि फळं ठेवली आणि आलेल्या बायकांना त्यांनीच कारण सांगितलं. त्यांचं ऐकून त्यातल्या एकीनं स्वतःच्या सुनेची दुसरी तपासणी करून घेतली.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. मे महिन्यात पाथरीच्या उन्हात नाही, घरातल्या घरात, ओसरीवर, गच्चीवर संध्याकाळी. डॉक्टरांनी आराम सांगितला असेल तर मात्र त्यांना विचारूनच.

लक्ष्य असतं उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत. सरकारी सूचनेप्रमाणे दोन आठवडे आहार आणि चालणं करून बघतात. तरी आकडा खाली येत नसेल तर गोळी किंवा इन्शुलिन सुरू करतात. इन्शुलिनला घाबरू नका. आत्ताच सांगितलं ना, ते वारेतून लेकराकडे जात नाही. इन्शुलिन लागलं म्हणजे तुम्ही पथ्य मोडलं असा त्याचा अर्थ होत नाही. तुमच्या वारेचा जोर जास्त आहे, एवढंच.

भाऊ लोक, तुम्ही ऐकताय ना? बाजार तुम्ही आणता. मेथीची जुडी आणि अंडी आणायची की फरसाणाची पुडी, हे तुमच्या पिशवीत ठरतं. आणि घरात एकीसाठी वेगळं पथ्याचं ताट लावू नका. सगळ्यांनी तेच खा. एकटीनं पाळलेलं पथ्य आठ दिवस टिकतं.

आता लेकरू बाहेर येतं. पहिल्या तासात अंगावर पाजणं, हे प्रत्येक लेकरासाठी चांगलं आहे, पण साखर निघालेल्या आईच्या लेकरासाठी ते औषधच आहे. चीक थोडाच असतो, पिवळसर, घट्ट. तो टाकायचा नाही. त्यानं लेकराची साखर सावरायला मदत होते. दवाखान्यात टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर बघतात, तेव्हा "इवल्या जिवाला टोचू नका" म्हणून अडवू नका. मध चाटवणं, गुळाचं पाणी, घुट्टी, काही नाही. मध तर एक वर्षाच्या आत कधीच नको, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. साखर निघालेल्या काही आयांना दूध भरून यायला एखाद-दुसरा दिवस उशीर होतो. लगेच डबा आणू नका. पुन्हा पुन्हा लावत राहा, लेकराला छातीशी उघड्या अंगानं धरा, आणि नर्सताईंची मदत घ्या.

इथून पुढे सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीही नको, परभणीच्या उन्हाळ्यातही नको, दुधात पाणी आहे.

आता दुसरा प्रश्न. "लेकरू नीट खात नाही."

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००७ साली जन्मलेल्या जुळ्यांचा एक मोठा अभ्यास झाला, जेमिनी नावाचा. त्यात लेकरं फक्त दुधावर असतानाच्या पहिल्या तीन महिन्यांबद्दल आईवडिलांना प्रश्न विचारले. दिसलं असं की एवढ्याशा वयातही खाण्याचा स्वभाव वेगवेगळा असतो. कुणी दूध बघून खुश होतं, कुणी सतत मागतं, कुणी हळूहळू पितं, कुणाचं पोट लवकर भरतं. एकाच घरातली, एकाच दिवशी जन्मलेली जुळी, तरी दोघांची भूक वेगळी. मग शेजारच्या लेकराशी तुलना करून काय मिळणार?

आणि आईच्या साखरेचा संबंध? अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये पिमा नावाचे आदिवासी राहतात, त्यांच्यात मधुमेह फार आहे. तिथं एकाच आईची लेकरं तपासली. काही आईला मधुमेह होण्याआधी जन्मलेली, काही नंतर. घर तेच, आईबाप तेच. नंतर जन्मलेली लेकरं जास्त लठ्ठ निघाली आणि त्यांच्यात मधुमेहही जास्त होता. म्हणजे पोटातली साखर मागे खूण ठेवून जाते. घाबरवायला सांगत नाहीये. उलट, यावरून कळतं की आपल्या लेकराला पहिली दोन वर्षं धरून-बांधून "बाळसं" आणण्याची गरज नाही. नेमकं हेच लेकरू आहे ज्याच्या पोट भरल्याच्या खुणेला आपण मान द्यायला हवा.

त्या खुणा ओळखा. भूक लागली की लेकरू तोंड इकडेतिकडे वळवतं, ओठ चोखतं, मूठ तोंडात घालतं. रडणं ही शेवटची खूण. पोट भरलं की सोडून देतं, तोंड फिरवतं, मिटलेल्या मुठी सैल होतात. थोडं मोठं झालं की चमचा ढकलतं, ओठ घट्ट मिटतं. ते लेकराचं "बास" आहे. त्याला बोलता येत नाही म्हणून ते असं सांगतं.

आणि आपण काय करतो? पाय धरून, नाक दाबून, वाटी संपवायची. किंवा मोबाईलवर गाणं लावायचं आणि तोंड उघडं दिसलं की घास कोंबायचा. आपण सगळे मोबाईलवाले आहोत, मीही मोबाईलमधूनच बोलतेय. पण स्क्रीन बघत खाणाऱ्या लेकराला आपलं पोट भरलं हे कळतच नाही. जी समज ते जन्मतः घेऊन आलं, ती आपण रोज तीन वेळा पुसत असतो.

सहा महिने झाले की उष्टावण. खीर एक चमचा चाटवा, हौस म्हणून, बिनसाखरेची. दोन वर्षांपर्यंत साखर नको. मऊ वरणभात, मुगाची खिचडी, कुस्करलेली भाकर वरणात, शिजवलेला भोपळा, गाजर, पालक, अंडं, थोडं तूप किंवा तेल. मिक्सरमधून पाणी केलेलं नको, चमचा तिरपा केला तरी ओघळणार नाही इतपत घट्ट. सुरुवातीला दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा, आणि दूध सुरूच. काय द्यायचं, केव्हा द्यायचं हे आपण ठरवायचं. किती खायचं हे लेकरू ठरवेल.

पहिल्यांदा पालक थुंकलं म्हणून सोडू नका. नवी चव आवडायला आठ-दहा वेळा द्यावी लागते. आणि गंमत ऐका. अमेरिकेत ज्यूली मेनेला यांनी २००१ मध्ये एक प्रयोग छापला. ज्या आयांनी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत गाजराचा रस प्यायला होता, त्यांच्या लेकरांनी पुढे गाजराची चव असलेली पेज खाताना तोंडं कमी वाकडी केली. पोटातल्या पाण्यात आईच्या जेवणाची चव उतरते. म्हणजे साखर सांभाळायला म्हणून तुम्ही जी मेथी, शेपू, अंबाडी खाताय, ती लेकराची पहिली ओळख आहे. पथ्याकडे असंही बघता येतं.

माझी लेक जन्मली तेव्हा दोन किलो नऊशे ग्रॅमची होती. आता ती दहा महिन्यांची आहे. हळू खाते, अर्धी वाटी झाली की तोंड फिरवते. गल्लीत रोज कुणीतरी म्हणतं, बारीक आहे गं, काही देत नाहीस का? मी अंगणवाडीत दर महिन्याला वजन करते आणि माता-बाल संरक्षण कार्डावरची रेघ बघते. रेघ आपल्या चालीनं वर जातेय, लेक रांगते, हसते, लघवी व्यवस्थित होते. मग मला बाकी कुणाचं प्रमाणपत्र नको. हां, रेघ सपाट झाली, खाली वळली, लेकरू मलूल झालं, तर मात्र थांबायचं नाही, लगेच दवाखाना.

शेवटी आईसाठी. बाळंतपण झालं, साखर उतरली, विषय संपला, असं वाटतं. पण गरोदरपणात साखर निघालेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा अनेक पटींनी जास्त असते. म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोजची तपासणी, आणि त्यानंतर दरवर्षी. लेकराच्या लसीसाठी दवाखान्यात जाताच ना, दीड महिन्याच्या लसीच्या दिवशीच स्वतःचीही तपासणी उरका. अंगावर पाजल्यानं आईचाही हा धोका कमी होतो. आणि बाळंतिणीचे लाडू? एक चालेल, छोटा, सुकामेवा जास्त आणि गूळ कमी. डबा मात्र सगळ्या घरानं मिळून संपवायचा.

तर आजचं काम काय? तुमच्या घरात, गल्लीत, व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी पाचव्या-सहाव्या महिन्याची असेल, तर तिला फक्त एवढं विचारा: "दुसऱ्यांदा साखर तपासली का?" आणि कुणाचं लेकरू तोंड फिरवत असेल तर तो चमचा खाली ठेवायला सांगा.

मी सांगितलं ते सगळ्यांसाठीचं. तुमचं औषध आणि तुमचे आकडे तुमच्या डॉक्टरांशीच बोला. पुढच्या भागात बाळंतिणीच्या झोपेवर बोलू, कारण त्यावर कुणीच बोलत नाही. तुमचे प्रश्न पाठवत राहा, आवाज रेकॉर्ड करून पाठवले तरी चालतील. काळजी घ्या, पोटभर जेवा, आणि पोट भरलं की थांबा. येते मी.